सुकदेवरावांचा बर्फ

सिल्वासात बर्फावर सायकल चालविण्याचा सराव करू नये, असे कोठेही लिहून ठेवलेले नाही. लिहून ठेवण्याची आवश्यकता आजवर कोणास भासली नसावी. ज्या गावी ऑक्टोबरात सकाळीच डांबर मऊ होऊन चपलेचा तळ धरून ठेवते, आणि पाहुण्यांच्या सरबतासाठी आणलेल्या बर्फाच्या पिशवीत घरी पोहोचेपर्यंत केवळ पिशवीच उरते, त्या गावी बर्फाविषयी नियम कोण करणार? सुकदेवराव सोनवणे यांच्या पुढील सर्व हालअपेष्टांचे मूळ नियमांच्या या अभावात आहे, असे आमचे नम्र मत आहे.

तसा प्रसंग साधा होता. सुकदेवरावांची एकुलती एक कन्या कावेरी ही आपले पती गौरव यांच्यासह फिनलंड देशाच्या उत्तर भागात राहते. तिला दिवस गेले. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे ही आपली रीत. परंतु नोकरी आणि डॉक्टर या उभयतांनी तिला प्रवासास मनाई केल्यामुळे माहेरानेच उठून तिच्याकडे जावे असे ठरले. माहेर म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न त्यानंतर उद्भवला. मंजुळाबाई म्हणजे माहेर, याविषयी दुमत नव्हते. सुकदेवराव माहेरात मोडतात किंवा कसे, यावर मोबाइलच्या पडद्यावर चर्चा झाली.

"पप्पा, तुम्ही येऊन करणार काय?" कावेरीने विचारले. तिच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता, हेच अधिक लागणारे होते.

"काय म्हणजे? दूध आणीन, भाजी आणीन. बाळाला घेऊन बसेन."

"इथे दार उघडलं की बर्फ आहे. पायरीवर बर्फ, रस्त्यावर बर्फ. मागच्या हिवाळ्यात आमच्या शेजारचे बंगाली काका आले आणि चौथ्या पावलाला घसरले. खुबा मोडला. नातवाला मांडीवर न घेता परत गेले ते. एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातात तुमचा पाय, असं मला नाही जमणार."

"मी पायी चालणारच नाही. मी सायकलवर जाईन."

यावर मागून जावईबापूंचा आवाज आला. "चालवतात हां इथे, हिवाळ्यातसुद्धा. टायरला बारीक बारीक खिळे असतात. आज्यासुद्धा जातात बाजारात." त्यानंतर पडद्याबाहेर काही घडले असावे, कारण जावईबापू पुन्हा बोलले नाहीत.

कावेरी म्हणाली, "बरं. मग बर्फावर सायकल चालवून दाखवा. मला डोळ्यांनी दिसली पाहिजे. दिसली तर तुमचंही तिकीट काढते. नाहीतर आई एकटी येईल आणि तुम्ही तिकडे आरामात राहा."

हे ती विषय संपविण्यासाठी बोलली होती. सुकदेवरावांनी ती शर्त मानली. सुताच्या कारखान्यात पाळीप्रमुख म्हणून त्यांची उभी हयात गेली, आणि त्या हयातीत सगळे सहकारी फटफटीवर आले तरी हे निवृत्त होईपर्यंत काळ्या उंच सायकलवरूनच कामावर जात राहिले. त्या सायकलवरून आपण कधी पडलो नाही, ही एकच गोष्ट ते स्वतःविषयी न विचारता सांगत असत. आता तीन महिने रिकाम्या घरात कुकरच्या शिट्या ऐकत बसायचे आणि नातवंडाचे पहिले रडणे मोबाइलमधून ऐकायचे, हे त्यांना सोसवेना. आपण कुणाच्या उपयोगाचे उरलो नाही, हे पोटच्या मुलीकडून ऐकणे तर त्याहून सोसवेना.

टायरचा शोध सुरू झाला. त्यांच्या सायकलीच्या मापाचे खिळ्यांचे टायर जगात कोणी बनवीत नाही, असे मोबाइलने कळविले. परंतु सिल्वासात राहणाऱ्या मनुष्याची एक दृढ समजूत असते की, पंख्याच्या पात्यापासून पेनच्या टोपणापर्यंत जे काही पृथ्वीवर आहे ते येथे कोणत्यातरी शेडमध्ये बनतेच. न बनल्यास बनवून घेता येते. ते आपल्या कारखान्यातील फिटर गोकुळ याच्याकडे गेले. गोकुळ मूळचा शिरपूरकडचा, सुकदेवरावांचा गाववाला.

"सोपं आहे भो," गोकुळ सायकलीभोवती एक फेरी मारून म्हणाला. "पत्र्याचे स्क्रू घेऊ. टायरच्या आतून बाहेर काढू. टोकं बाहेर, डोकी आत."

"आणि ट्यूब?"

"ट्यूबला काय होणार आहे?"

ट्यूबला जे व्हावयाचे ते झाले. पहिल्याच फेरीत डोक्यांनी आतून ट्यूबची चाळण केली. मग जुन्या ट्यूबचे रबर कापून आत अस्तरासारखे बसविण्यात आले, आणि सायकल सज्ज झाली. ती उभी असताना भीषण दिसे; चालू लागली की त्याहून भीषण ऐकू येई. डांबरावरून जाताना तिचा आवाज कढईत तापल्या वाळूत फुटाणे उडावेत तसा होई. त्या आवाजाने आमली वस्तीतील झाडून सर्व कुत्र्यांना काही पूर्वजन्मीची आठवण होत असावी. ती सुकदेवरावांच्या मागे, भुंकण्याचे श्रमही न घेता, गंभीरपणे धावत.

किलवणी नाक्यावर हवालदाराने त्यांना थांबविले.

"काका, ये क्या लगाया है?"

"खिळे आहेत साहेब. बर्फासाठी."

हवालदाराने आकाशाकडे पाहिले. आकाशात ऊन होते. रस्त्यावर खिळे टाकणे हा गुन्हा आहे हे त्यास ठाऊक होते, परंतु खिळे टायरला लावून सोबत परत नेणे यास काय म्हणावे, हे त्याला सुचेना. त्याने वरिष्ठांना फोन लावला. वरिष्ठांनी त्यास तीन वेळा तेच वाक्य पुन्हा उच्चारावयास लावले आणि फोन ठेवला. "जाव काका," हवालदार खिन्नपणे म्हणाला, "लेकिन इधरसे मत जाव."

घरीही सुख नव्हते. सोसायटीच्या आवारात नुकतेच लाल-करड्या ठोकळ्यांची फरसबंदी झाली होती, आणि सेक्रेटरी कल्पेशभाई तिच्यावर पोटच्या लेकराप्रमाणे जीव टाकीत. त्या फरसबंदीवर सुकदेवरावांच्या येण्याजाण्याची पांढरी रेघ उमटली. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर टायरचा फोटो झळकला आणि त्याखाली 'आ शू छे?' एवढाच प्रश्न. त्यानंतर जो तो सल्ला देता झाला. तिसऱ्या मजल्यावरचे श्रीधर साहेब, जे मूळचे पुण्याचे असून प्लास्टिकच्या कंपनीत गुणवत्तेचे मॅनेजर आहेत, त्यांनी घर्षण या विषयावर एकामागून एक पाच संदेश पाठविले आणि शेवटी हवा कमी ठेवा असे सुचविले. कोणी गच्चीवरच्या टाकीखालच्या शेवाळावर सराव करा म्हणाले. कोणी साबणाचे पाणी, तर कोणी केळ्याच्या साली. शेजारच्या गौरीने आपुलकीने विचारले, "काका, आइस्क्रीमवाल्यांच्या मोठ्या फ्रीजमध्ये नाही का जाता येणार?" सुकदेवराव तेथेही जाऊन आले. आत माणसाला स्वेटर घातल्याशिवाय सोडत नाहीत आणि सायकलीला स्वेटर नाही, असे तेथील मॅनेजर हसू दाबीत म्हणाला.

या सर्व प्रकाराने ते अगदी थकून गेले. त्यांनी बेत सोडल्याचे चारचौघांत जाहीर केले, सायकल गोकुळच्या खोलीवर नेऊन ठेवली, आणि लोकांनी हळहळ व्यक्त करून विषय मिटविला. बेत अर्थातच सोडलेला नव्हता. तो केवळ गुप्त झाला होता. मनुष्याची पुरेशी थट्टा झाली म्हणजे तो एकतर शहाणा होतो, नाहीतर गुप्तपणे काम करू लागतो.

मसाटच्या रस्त्यावर बर्फाचा एक जुना कारखाना आहे. मासळीवाले आणि लग्नघरचे लोक तेथून लाद्या नेतात. सुकदेवराव गोकुळला घेऊन तेथे गेले आणि रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये लाद्या पोहोचत्या कराव्यात, असे त्यांनी मालकास सांगितले.

"किती वेळ टिकायला पाहिजे?" मालकाने विचारले.

"माझी मुलगी बघेपर्यंत."

"मुलगी कुठे असते?"

"फिनलंडला."

मालकाने हातातली लेखणी खाली ठेवली. त्याच्या आवाजात एकाएकी मार्दव आले. "मग जास्त लाद्या लागतील. भुसा पण देतो भरपूर."

"लाद्या एकापुढे एक, लांब मांडायच्या," सुकदेवराव म्हणाले.

"एवढ्या लांब?" मालक म्हणाला, परंतु लगेच त्याने स्वतःस आवरले. अशा वेळी जास्त विचारू नये, हे व्यवसायाने त्यास शिकविले असावे. तो उठून बाहेर आला, सुकदेवरावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दोन लाद्या माझ्याकडून. सांभाळा स्वतःला."

सायकलवर जाताना तोल सांभाळा, असा त्याचा अर्थ असावा असे सुकदेवराव समजले. गावात अद्याप माणुसकी आहे, असे त्यांनी परतताना गोकुळला सांगितले.

कल्पेशभाईंकडून पार्किंगची परवानगी काढणे भाग होते. त्यांना बर्फाविषयी सांगण्याची सोय नव्हती. सुकदेवराव म्हणाले, "रविवारी सकाळी पार्किंग मोकळं पाहिजे. घरगुती प्रसंग आहे."

"शानो प्रसंग, सोनवणेभाई?"

"कळेल सगळ्यांना."

फरसबंदी खराब होणार नाही, या बोलीवर परवानगी मिळाली.

रविवार उजाडला. मंजुळाबाई पहिल्या गाडीने सुरंगी गावी गेल्या होत्या; तिकडे फोनला रेंज नसते. लाडवांसाठी तिकडच्या जंगलातला डिंकच पाहिजे, दुकानातला डिंक म्हणजे नुसता गोंद, असे त्यांचे मत होते. सायकलीच्या उद्योगाविषयी त्यांनी बोलणेच सोडले होते, म्हणून सुकदेवरावांनीही त्यांना बर्फाचे सांगितले नव्हते. ते घराला कुलूप लावून गोकुळच्या खोलीवर सायकल आणावयास निघाले. घाईत मोबाइल घरातच चार्जिंगला राहिला. आणि गोकुळच्या खोलीवर पाहतात तो मागचे चाक बसलेले. अस्तर सरकून एका स्क्रूने पुन्हा ट्यूबचा घास घेतला होता. ते काढा, चिकटवा, बसवा, यात सकाळ बरीच वर आली.

शेवटी सुकदेवराव सायकलवर आणि गोकुळ मागे स्कूटरवर, असे ते निघाले. कुत्री होतीच. सोसायटीच्या फाटकातून आत वळताच सुकदेवरावांनी ब्रेक दाबला.

पार्किंगमध्ये माणसेच माणसे होती. सोसायटीचे झाडून सगळे होते, त्यांच्या कारखान्याची सगळी रात्रपाळी होती. बायका एका बाजूस, पुरुष एका बाजूस, सर्वजण शांत, बहुतेकांच्या अंगात पांढरे कपडे. मध्यभागी भुशावर बर्फाच्या लाद्या एकापुढे एक ओळीने मांडलेल्या, आणि पहिल्या लादीपाशी उदबत्त्या लावून झेंडूचा हार ठेवलेला.

"तू सांगितलंस ना?" सुकदेवराव गोकुळला हळू आवाजात म्हणाले.

"आईशपथ नाही सांगितलं भो."

सुकदेवरावांना राग यावयास हवा होता, पण आला नाही. ज्या लोकांनी आपली थट्टा केली तेच आज रविवारच्या सकाळी, अंघोळी करून, स्वच्छ कपड्यांत आपले धाडस पाहण्यास जमले आहेत, दसऱ्याला गाड्यांची करतात तशी पूजाही त्यांनी मांडली आहे, असे वाटून त्यांनी सायकलवरूनच सर्वांना नमस्कार केला.

गौरीच्या हातात झाकलेले पातेले होते. ते तिने अतिशय सावकाश खाली ठेवले आणि मग ती स्वतःही खाली बसली. अखेर कल्पेशभाई पुढे आले आणि त्यांनी सुकदेवरावांच्या दंडाला बोटाने स्पर्श करून पाहिला.

"सोनवणेभाई, तमे जीवता छो?"

"हो."

"तो पछी," कल्पेशभाई ग्रुपवरचा संदेश दाखवीत, आता याचे काय करावे अशा मुद्रेने म्हणाले, "आ मेसेजनू हवे शू?"

संदेशात हात जोडलेले चित्र होते आणि सुकदेवरावांचे नाव होते. तेव्हा कोठे त्यांच्या ध्यानात सर्व आले. घरी बर्फाच्या लाद्या येतात त्या मुख्यतः एकाच कारणासाठी. परदेशातील मुले येऊन शेवटचे दर्शन घेईपर्यंत देह ठेवावयाचा असतो, तेव्हा. टेम्पोबरोबर आलेल्या बर्फवाल्याने वॉचमनला हळूच सांगितले होते की, यांची मुलगी फिनलंडला आहे, ती येईस्तोवर भुसा हलवू नका. वर घराला कुलूप. आत मोबाइल वाजतो आहे आणि उचलणारे कोणी नाही. श्रीधर साहेबांनी या तीन गोष्टी शास्त्रशुद्ध रीतीने जोडल्या आणि निष्कर्ष काढला की, देह इस्पितळात आहे, काकू तेथेच आहेत, आणि आपण तयारी ठेवली पाहिजे. तसा संदेश ग्रुपवर गेला आणि तेथून कारखान्यात पोहोचला. कल्पेशभाईंना तर परवानगीही आठवली. घरगुती प्रसंगासाठी मनुष्य स्वतःच आधी पार्किंग मागून गेला, किती विचारी मनुष्य, असे ते सकाळपासून सर्वांना सांगत होते.

आता तो विचारी मनुष्य सायकल धरून उभा होता, आणि लोकांच्या मुद्रेवर आनंद दिसत नव्हता. लोक पाळी संपवून न झोपता आले होते. हार आणला होता. बांबूवाल्यास निरोप गेला होता. मनुष्य जिवंत निघाला याचा कोणास खेद नसतो, परंतु आपण फसलो याचा असतो, आणि तो दिसतो.

"तुमच्यासाठी पहिल्या पाळीने दोन मिनिटं मशिनी बंद ठेवल्या," रात्रपाळीचा एकजण तक्रारीच्या सुरात म्हणाला.

सुकदेवरावांचा चेहरा प्रथमच खरोखर उतरला. "चालू मशिनी बंद? कोणी सांगितलं? सगळे धागे तुटले असतील."

"तुटले."

"मग जोडणार कोण ते?" एवढे म्हणून ते बर्फाच्या लादीवरच बसणार होते, पण तिच्यावर हार होता.

तेवढ्यात फाटकापाशी रिक्षा थांबली आणि डिंकाची पिशवी घेऊन मंजुळाबाई उतरल्या. घडलेला बदल बायकांच्या अजून अंगवळणी पडला नव्हता. सवयीने दोघी-तिघी धावत गेल्या आणि त्यांना मिठी मारून रडू लागल्या. मंजुळाबाईंनी त्यांच्या खांद्यावरून पाहिले. पांढरे कपडे, उदबत्ती, बर्फ. त्यांच्या हातातली पिशवी गळून पडली. मग त्यांची नजर नवऱ्यावर गेली, तेथून टायरवर, तेथून पुन्हा बर्फावर, आणि त्यांना कोणी काही सांगण्याची आवश्यकता उरली नाही. त्यांनी पिशवी उचलली. पदराने तोंड पुसले.

"जिता माणूस एवढा ताप देतो," त्या गौरीला म्हणाल्या, "मेल्यावर देईलच काय कमी." आणि नवऱ्याच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या, सदऱ्याची बाही मुठीत धरून.

"पण तुम्ही कावेरीला तर नाही ना कळवलंत?" सुकदेवरावांनी श्रीधर साहेबांना विचारले.

श्रीधर साहेब दुसरीकडे पाहू लागले. जबाबदार नागरिकाप्रमाणे त्यांनी ते काम सर्वांत आधी उरकले होते. 'लवकर निघा, येथे सर्व व्यवस्था केली आहे,' असा त्यांचा संदेश होता. त्यांनी निमूटपणे फोन लावून सुकदेवरावांच्या हाती दिला.

पडद्यावर कावेरी पलंगावर बसलेली होती. डोळे सुजलेले. मागे गौरव अर्धवट भरलेल्या बॅगेपाशी उभा होता. तिने वडिलांना पाहिले आणि ती तशीच बघत राहिली. सुकदेवरावांना वाटले, फोन अडकला.

"कावेरी, ऐकू येतंय का?"

"पप्पा," ती म्हणाली, "मी सातव्या महिन्यात विमानतळावर निघाले होते."

"अगं, मला काय माहीत की हे लोक..."

"काही सांगू नका. तुम्ही तिथेच राहा. आई एकटी येईल. मला हे झेपत नाही."

पार्किंगमध्ये सर्वांना ते ऐकू गेले. लोक चपलांकडे पाहू लागले. लाद्यांखालून पाण्याची एक धार निघून फरसबंदीच्या सांध्यांतून गटाराकडे शांतपणे चालली होती. सुकदेवराव तिच्याकडे पाहत राहिले. ते इतके दमले होते की, भांडावे असे त्यांना वाटेना आणि विनवावे असेही वाटेना. एकच गोष्ट त्यांना कळत होती की, बर्फ अजून आहे आणि थोड्या वेळाने नसेल.

"ठीक आहे," ते म्हणाले. "तिकीट नको काढू. पण एवढा बर्फ आलाय तर बघून घे. वाया जाईल."

त्यांनी फोन मंजुळाबाईंकडे दिला, हार उचलून नीट बाजूला ठेवला आणि सायकल पहिल्या लादीशी लावली. ऊन लागून लाद्यांचे कोपरे गोल झाले होते, वर पाण्याचा पातळ थर चकाकत होता. यापेक्षा निसरडे काही फिनलंडातही नसेल.

"आई, कुणीतरी धरा त्यांना," फोनमधून कावेरीचा आवाज आला. राग होता तसाच होता, पण तो आता घाबरलेला होता. "कुणीतरी मागून धरा."

माणसे पुढे आली. गोकुळने कॅरिअर धरले, कल्पेशभाईंनी हँडलची एक बाजू, रात्रपाळीच्या एकाने दुसरी, आणि श्रीधर साहेबांनी कोठे धरावे याचा विचार करून सीटखाली हात घातला. ज्यांनी खांदा द्यावयाचा, असे सकाळी, गोकुळच्या गैरहजेरीत, ठरले होते, ते नेमके हेच चौघे. सुकदेवरावांनी टांग टाकली आणि चौघांच्या मध्ये पायडल मारले.

खिळे बर्फात रुतले. कचकच असा एक आवाज झाला, आणि सायकल पुढे सरकली. ती सरळ जात होती. चौघांच्या पायांना मात्र खिळे नव्हते. दुसऱ्या लादीवर श्रीधर साहेब, हवा कमी ठेवायला पाहिजे होती, असे म्हणता म्हणता खाली बसले. कल्पेशभाई गेले ते आपल्या लाडक्या फरसबंदीवर आडवे झाले. रात्रपाळीचा गृहस्थ कोणत्या क्षणी नाहीसा झाला हे कोणालाच सांगता आले नाही. गोकुळने कॅरिअर सोडले नाही. तो दोन्ही टाचा रोवून, बैलामागून औत ओढले जावे तसा बर्फावरून ओढला गेला, आणि चौथ्या लादीशी सुटून भुशात जाऊन पडला.

सुकदेवराव एकटे उरले. त्यांनी मान वळविली नाही. चाकाखाली एक एक लादी जात होती, गार वाफ गुडघ्यांना लागत होती, आणि हँडल हातात असे स्थिर होते की, जणू ते रोजच्या रस्त्याने पहिल्या पाळीला निघाले आहेत. शेवटची लादी संपत आली तेव्हा मागून बायकांनी टाळ्या वाजविल्या. सुकदेवरावांनी ब्रेक दाबला, सायकल लादीवरच उभी केली, आणि फोनकडे पाहत, रोजच्या डौलाने, डावा पाय खाली टेकला.

टायरला खिळे होते. चपलेला नव्हते.

पाय निघून गेला. त्यामागोमाग सुकदेवरावांना जावे लागले. सायकल मात्र खिळे रोवून क्षणभर एकटीच उभी होती, आणि मग सावकाश, आदराने म्हणावे तशी, त्यांच्या अंगावर कलली.

भुसा भरपूर होता म्हणून हाडे वाचली. त्यांना उठवून बसविण्यात आले. कोपर खरचटले होते, आणि हयातीत कधी न पडल्याची जी एकुलती एक कीर्ती होती ती सर्वांच्या देखत गेली होती. त्यांनी फोनकडे पाहिले नाही. मंजुळाबाईंनीच तो त्यांच्या तोंडापुढे धरला.

पडद्यावर कावेरीने तोंडावर उशी दाबून धरली होती. तिचे खांदे हलत होते. ती रडते की हसते हे प्रथम समजेना. उशी बाजूला झाली तेव्हा दोन्ही होते.

"लागलं का?"

"नाही."

"खरं सांगा."

"थोडं."

तिने नाक पुसले. "पप्पा, या तुम्ही. तिकीट काढते दोघांचं. मला तुम्ही डोळ्यांसमोरच हवेत, तिथे एकटे ठेवले तर पुन्हा काय करून बसाल त्याचा नेम नाही. फक्त एक करायचं. इथे आल्यावर सायकलवरून उतरायचं नाही."

यानंतर गर्दी पांगली. कल्पेशभाईंनी लंगडत लंगडत ग्रुपवर नवा संदेश टाकला की, सोनवणेभाई हयात आहेत, सर्वांनी आपापल्या गाड्या पार्किंगमध्ये लावाव्यात. बर्फ गटाराच्या वाटेने निघून गेला. गौरीचे पातेले तेवढे राहिले. दुःखाच्या घरी त्या दिवशी चूल पेटवीत नाहीत, म्हणून तिने पिठले आणि भाकरी करून आणली होती, आणि आता ते परत न्यावे की न न्यावे, हे तिला कळेना. मंजुळाबाईंनी तिच्या हातातून ते काढून घेतले. "आण बाई. आज माझ्या अंगात नाही चूल पेटवायचं."

मग सुकदेवराव, मंजुळाबाई, गौरी आणि अंगाला अजून भुसा लागलेला गोकुळ असे चौघे जमिनीवर जेवावयास बसले. सुकदेवरावांनी आपल्या मरणाची भाकरी मोडली. पिठल्यात मीठ किंचित कमी होते, तरी त्यांनी आणखी अर्धी भाकरी मागून घेतली.

जेवणे होताच मंजुळाबाई उठल्या. त्यांनी कपाटाच्या तळातून नवऱ्याचे कामावरचे बूट काढले, फडक्याने पुसले, आणि ते आणून गोकुळच्या पुढ्यात ठेवले.

"गोकुळभाऊ, उरलेत का स्क्रू?"

गोकुळने बूट उलटा करून तळ दाबून पाहिला. "बसतील की वहिनी."

"आतून रबर लाव म्हणावं," सुकदेवराव घास गिळता गिळता थकल्या आवाजात म्हणाले. "नाहीतर पायाची चाळण होईल."

"तेवढं कळतं मला," मंजुळाबाई म्हणाल्या, आणि दुसरा बूट आणावयास आत गेल्या.